उन्हाळा, पत्र्याचं शेड आणि लिथियमची बॅटरी

काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या खेड्यात बॅटरीवरचं हत्यार म्हटलं की पाठीवरचा फवारणी पंप एवढंच डोळ्यांसमोर यायचं. आता जालन्याकडच्या मोसंबीच्या बागेत फांद्या छाटायला बॅटरीची छोटी करवत आली आहे, डाळिंबाच्या बागेत बॅटरीची कैची आली आहे. सौर कृषी पंपाचे सांगाडे उभे करणारी पोरं कमरेला इम्पॅक्ट ड्रायव्हर अडकवून फिरतात, आणि फर्निचरचं काम करणारे मिस्त्री वायरचं ड्रिल पेटीतून बाहेरही काढत नाहीत. जिथे शेतातली लाईट कधी येईल आणि कधी जाईल याचा नेम नाही, तिथे हे होणारच होतं.

हत्यारं आली, पण ती सांभाळायची रीत सोबत आली नाही. बॅटरीबद्दल आपल्याला जे काही ठाऊक आहे ते ट्रॅक्टरच्या, इन्व्हर्टरच्या आणि जुन्या फवारणी पंपाच्या बॅटरीवरून शिकलेलं आहे. ती शिशाची बॅटरी. नव्या हत्यारांत असते लिथियम-आयन बॅटरी, आणि तिचा स्वभाव बऱ्याच बाबतींत उलटा आहे. त्यात भर आपल्या उन्हाची. कंपनीची माहितीपुस्तिका लिहिणाऱ्याने मे महिन्यातलं परभणी पाहिलेलं नसतं. जुने नियम नव्या बॅटरीला लावायचे नाहीत आणि आपल्या उन्हाचा हिशेब धरायचा, एवढ्या दोन गोष्टींनी बराचसा धोका टळतो. पैसाही वाचतो, कारण अनेक हत्यारांत बॅटरीची किंमत नुसत्या मशीनच्या जवळपास जाते.

डबा उघडला तर आत काय दिसेल

मशीनला सरकवून बसवतो तो प्लास्टिकचा डबा म्हणजे छोट्या छोट्या नळकांड्यांचा गठ्ठा असतो. एका नळकांड्याला सेल म्हणतात. सर्रास वापरला जाणारा सेल १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर उंच असतो, म्हणून त्याचं नावच १८६५०. एका सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट धरतात. असे पाच सेल एकापुढे एक जोडले की झाले १८ व्होल्ट. पूर्ण भरल्यावर प्रत्येक सेल ४.२ व्होल्टवर जातो, म्हणजे पाचांचे मिळून २१. दुकानात '१८ व्होल्ट', '२० व्होल्ट मॅक्स' आणि '२१ व्होल्ट' असे तीन आकडे पाहून गोंधळायला होतं. आत बहुधा तेच पाच सेल असतात, फक्त कुणी सरासरी दाब छापतो आणि कुणी भरलेल्या बॅटरीचा.

दुसरा आकडा एएच, म्हणजे अँपिअर-अवर. बॅटरीत वीज किती मावते ते हा आकडा सांगतो. २ एएचच्या डब्यात साधारण पाच सेल असतात. ४ एएचच्या डब्यात बहुधा दहा, म्हणजे पाचांच्या दोन रांगा शेजारी-शेजारी जोडलेल्या; त्यामुळे व्होल्ट तेवढेच राहतात. व्होल्ट आणि एएच यांचा गुणाकार केला की एकूण ऊर्जा कळते: १८ गुणिले ४ म्हणजे ७२ वॉट-तास. मोबाइलच्या आजकालच्या बॅटरीत साधारण १९ वॉट-तास असतात. म्हणजे एका हातात मावणाऱ्या या डब्यात जवळजवळ चार मोबाइलची ऊर्जा भरलेली असते. शिवाय ती धडाक्याने बाहेर येऊ शकते. ग्राइंडर जोर लावतो तेव्हा बॅटरीतून २५-३० अँपिअर प्रवाह वाहतो.

डब्यात सेलच्या डोक्यावर एक हिरवी किंवा निळी सर्किटची पट्टी असते. मेकॅनिक तिला बीएमएस म्हणतात. चांगल्या बॅटरीत ही पट्टी प्रत्येक सेलचा दाब, प्रवाह आणि तापमान बघते आणि काही बिनसलं तर बॅटरी बंद करते. ती का लागते ते आकड्यांतच समजून घेऊ. साधा चार्जर फक्त एकूण २१ व्होल्ट झाले का ते बघतो. समजा चार सेल ४.१ व्होल्टवर आहेत आणि एक कमजोर सेल ४.६ वर चढला आहे. बेरीज २१ च येते! चार्जरच्या लेखी सगळं ठीक, आणि आत एक सेल मर्यादेच्या कितीतरी वर गेलेला. एकेका सेलवर नजर ठेवणारी पट्टी नसेल किंवा मुद्दाम काढून टाकली असेल, तर हे कुणालाच कळत नाही.

ती पेटते कशी

सेलच्या आत तांब्याची आणि ॲल्युमिनियमची पातळ पट्टी गुंडाळलेली असते, दोन्हींवर लेप असतो, आणि त्यांच्या मध्ये केसाहूनही पातळ प्लास्टिकचा पडदा. सगळं एका द्रवात भिजलेलं. हा द्रव पेट घेणारा आहे. पडदा शाबूत आहे तोवर काळजी नाही. तो फाटला, टोचला गेला किंवा साधारण १३० अंशांच्या आसपास वितळायला लागला, की दोन्ही बाजू एकमेकींना भिडतात आणि सेल आतल्या आत शॉर्ट होतो.

पुढे जे होतं ते सोयाबीन काढणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला समजेल. ओलं सोयाबीन गंजीत घातलं की बाहेरून काही दिसत नाही, पण आत हात घातला तर चटका बसतो. आतली ऊब बाहेर पडायला वाट नसते, आणि त्या उबेनेच आणखी ऊब तयार होते. सेलमध्ये हेच चक्र फिरतं, पण काही सेकंदांत. आतलं रसायन तापून तुटतं, तुटताना आणखी उष्णता सोडतं, वायू तयार होतो, सेलचं तोंड फुटून ज्वाळेचा झोत बाहेर येतो. शेजारचा सेल त्या आचेने तापतो आणि त्याचाही नंबर लागतो. तापलेलं रसायन स्वतःच प्राणवायू सोडत असल्यामुळे वरून पोतं टाकून किंवा माती लोटून ही आग सहसा विझत नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ४३-४४ अंशांचं ऊन एखाद्या धडधाकट बॅटरीला पेटवत नाही. त्यासाठी आणखी काहीतरी चुकावं लागतं: चुकीचा चार्जर, मार लागलेला सेल, शॉर्ट सर्किट, पाणी, कारखान्यातली खोट. ऊन काय करतं, तर बॅटरीला आतून लवकर म्हातारी करतं आणि चुकीला पचवायची तिची ताकद कमी करतं.

"पूर्ण उतरू दे, मग चार्ज कर"

हा सल्ला अजून प्रत्येक दुकानात ऐकू येतो. तो खोटा नव्हता, पण तो निकेल-कॅडमियमच्या बॅटरीसाठी होता. पहिली कॉर्डलेस ड्रिल त्यांच्यावर चालायची, आणि अर्धवट उतरवून वारंवार चार्ज केलं की त्या बॅटऱ्यांची क्षमता घटल्यासारखी व्हायची. लिथियम-आयन १९९१ साली बाजारात आली; तिला ही खोड नाही. तिला अर्ध्यावर चार्जरला लावली तरी चालतं, उलट तेच बरं.

पार उतरवणं मात्र तिला सोसत नाही. सेल फार खाली गेला, म्हणजे दोन व्होल्टच्याही खाली बराच काळ राहिला, की आतल्या तांब्याच्या पट्टीतलं तांबं द्रवात विरघळायला लागतं. पुन्हा चार्ज करताना ते तांबं नको तिथे बसतं आणि आतल्या आत शॉर्ट तयार होऊ शकतो. म्हणून मशीनचा जोर कमी झाला की थांबायचं. "अजून एक भोक होईल" म्हणून ट्रिगर दाबत बसायचं नाही.

याच कारणाने एक प्रकार कळकळीने नको म्हणून सांगतो. वर्षभर पडून मेलेली बॅटरी चार्जर घेत नाही, तेव्हा काही जण दुसऱ्या भरलेल्या बॅटरीच्या वायरी तिला लावून झटका देतात आणि मग चार्जरला लावतात. बॅटरी उठते, आणि उठवणाऱ्याला वाटतं आपण पैसे वाचवले. चार्जरने तिला नाकारलं होतं त्याला कारण होतं. पाच सेलची बॅटरी मल्टिमीटरवर दहा व्होल्टच्या खाली दाखवत असेल तर ती गेली असं समजा.

आता उलट बाजू. तुमचा फवारणी पंप जुन्या, जड, शिशाच्या बॅटरीचा असेल तर तिला लिथियमचे नियम लावू नका. शिशाची बॅटरी उतरलेली ठेवली की तिच्या पट्ट्यांवर कडक थर बसतो आणि ती कायमची मंदावते. तिला दर फवारणीनंतर पूर्ण भरायचं, आणि हंगाम संपला तरी महिना-दीड महिन्यानं पुन्हा भरायचं.

चाळीस अंशांच्या वर

अहमदपूरकडच्या एका शेतात एप्रिलअखेर सौर पंपाचा सांगाडा उभा राहत होता. दुपारचे दोन वाजलेले. ग्राइंडरची बॅटरी काढून पोराने लगेच चार्जरला लावली.

"दादा, चार्जिंगच होईना गेलंय. लाल बत्ती उघडझाप करूलाली."

"चार्जर गेला वाटतं. दुसरा लाव बरं."

दुसऱ्यावरही तेच झालं. चार्जर दोन्ही ठणठणीत होते. बॅटरी तापलेली होती आणि चार्जर ती निवायची वाट बघत होता. चांगल्या चार्जरमध्ये ही सोय असते. दिव्याची खूण प्रत्येक कंपनीची वेगळी, ती पुस्तिकेत दिलेली असते. पुष्कळ कंपन्या चार्जिंगसाठी वरची मर्यादा ४० ते ४५ अंश देतात. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतलंच तापमान तिथे पोचलेलं असतं, आणि त्यावर ग्राइंडरने तापवलेली बॅटरी. स्वस्तातल्या चार्जरला हे कळत नाही, तो तापलेल्या बॅटरीतही वीज भरतच राहतो.

वापरताना बॅटरी का तापते? प्रवाह दुप्पट झाला की आतली उष्णता चौपट होते. म्हणून छोट्या २ एएच बॅटरीवर मोठा ग्राइंडर चालवला तर ती बघता बघता भाजते, आणि त्याच कामाला ५ एएचची बॅटरी कोमटच राहते, कारण भार जास्त सेलमध्ये वाटला जातो. ग्राइंडर, करवत, ग्रास कटर यांना मोठी बॅटरी. स्क्रू आवळायला छोटी. जोर लावून दाबल्यानेही प्रवाह वाढतो, तेव्हा बोथट ब्लेड आणि झिजलेलं बिट वेळेवर बदलणं हीसुद्धा बॅटरीचीच काळजी आहे.

तापली आहे की नाही ते ओळखायला यंत्र लागत नाही. डब्यावर तळहात निवांत टेकवता येत नसेल तर ती चार्जरला लावायची नाही. लिंबाच्या सावलीत, जमिनीवर, वारा लागेल अशी अर्धा तास ठेवा. तिच्यावर ओलं गोणपाट टाकू नका, फ्रीजमध्ये ठेवू नका. ओल आत गेली तर भलतंच होऊन बसेल. दिवसभराचं काम असेल तर दोन बॅटऱ्या आलटून पालटून वापरणं सगळ्यांत बरं. चार्जिंग भल्या पहाटे किंवा रात्री ऊन उतरल्यावर, घरातल्या गार फरशीवर.

साठवण तर याहून महत्त्वाची. पत्र्याच्या शेडमध्ये छताजवळच्या फळीवर, पिकअपच्या डॅशबोर्डवर, काचा लावलेल्या गाडीत दुपारी ६० अंशांच्या वर तापमान सहज जातं. ४० अंशांत वर्षभर पूर्ण भरून ठेवलेली लिथियम बॅटरी साधारण एक तृतीयांश क्षमता गमावते, न वापरता. अर्धी भरून ठेवली तर हे नुकसान निम्म्याहून कमी होतं. म्हणजे 'भरून ठेव, कधी लागेल सांगता येत नाही' ही आपली सवय उन्हाळ्यात बॅटरीच्या मुळावर येते. वापरायच्या आदल्या रात्री भरा. एरवी शेडमध्ये नाही, घरात सगळ्यात गार खोलीत खालच्या बाजूला ठेवा. थंडीची काळजी आपल्याला फारशी नाही. शून्याखाली चार्ज करू नये असा नियम आहे, आणि आपल्याकडे डिसेंबरातही घरात तेवढं गारठत नाही.

पिन बसली म्हणजे चार्जर जुळला असं नाही

स्वस्त बॅटऱ्यांना गोल पिनचा चार्जर येतो. तशीच पिन १२.६ व्होल्टच्या चार्जरला असते, १६.८ च्याला असते, २१ आणि २५.२ च्यालाही असते. घरात असे चार-पाच चार्जर एका खिळ्याला लटकलेले असले की अंधारात कुठला कुणाचा ते कळत नाही. तीन सेलच्या बॅटरीला २१ व्होल्टचा चार्जर लागला तर एकेका सेलच्या वाट्याला सात व्होल्ट येतात.

फवारणी पंपात ही चूक जास्त होते. पूर्वीच्या शिशाच्या बॅटरीच्या जागी लोक लिथियमची हलकी बॅटरी बसवून घेतात आणि चार्जर जुनाच ठेवतात, कारण दोन्हींवर '१२ व्होल्ट' लिहिलेलं असतं. शिशाचा चार्जर साधारण १४.४ व्होल्टपर्यंत जातो. तीन सेलची लिथियम बॅटरी १२.६ ला पूर्ण भरते. जुना चार्जर लावला तर प्रत्येक सेल ४.८ व्होल्टकडे ढकलला जातो, आणि मध्ये उभी असते ती फक्त बीएमएसची पट्टी, असलीच तर. बॅटरी बदलली की चार्जरही बदला, आणि जुना त्याच दिवशी घराबाहेर काढा. प्रत्येक चार्जरला रंगीत टेप गुंडाळा, त्याच रंगाची टेप त्याच्या बॅटरीला. निरक्षर मजुरालाही ही खूण चालते.

यावर लोक म्हणतात, चार्जर 'ऑटो कट' आहे, दिवा हिरवा होतो, मग रात्रभर ठेवला तर काय बिघडलं? कंपनीच्या चांगल्या चार्जरवर बहुधा काही बिघडत नाही. साध्या चार्जरमध्ये मात्र दिवा हिरवा होणं आणि वीज थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. आणि दिवा एकूण दाबावर बदलतो, एकेका सेलवर नाही, हे वर पाहिलंच.

दुसरा आक्षेप खरा आहे: गावात लाईट रात्रीच असते, तेव्हा चार्ज नाही करायचं तर कधी? रात्री करा, पण माणसं जागी असताना. जेवणाच्या वेळी लावली तर लहान बॅटरी झोपेपर्यंत भरते. चार्जर शहाबादी फरशीवर किंवा सिमेंटच्या कोब्यावर ठेवा. गोधडीवर, बाजेवर, कडब्याजवळ, खताच्या पोत्यांवर नाही. दिवाळीच्या सुमारास तर विशेष लक्ष द्यावं लागतं, कारण तेव्हा कितीतरी घरांत अर्ध्या खोलीत कापूस भरलेला असतो आणि बोर्ड त्याच खोलीत असतो. त्या खोलीत चार्जर लावूच नये. दारातही नको. आग लागलीच तर बाहेर पडायची वाट तीच असते.

"स्वस्तातलीही चालतेच की"

आठवडी बाजारात आणि ऑनलाइन मिळणाऱ्या काही बॅटऱ्यांवर मोठ्या अक्षरात ४८व्हीएफ, ८८व्हीएफ, १२८व्हीएफ असं छापलेलं असतं. घेणाऱ्याला वाटतं १२८ व्होल्ट, केवढी ताकद! त्यातल्या बहुतेकांत तेच पाच किंवा दहा सेल असतात, २१ व्होल्टचे. शंका असेल तर चार्जरवरचं बारीक अक्षर वाचा. 'आउटपुट' पुढे २१ व्होल्ट लिहिलेलं असेल तर बॅटरी २१ व्होल्टची आहे, डब्यावर काहीही छापलेलं असो. जो आकडा सगळ्यात मोठा छापला तोच खोटा असेल, तर आतल्या न दिसणाऱ्या पट्टीबद्दल आणि सेलबद्दल विश्वास ठेवायला मला तरी जड जातं.

गरिबाने मग करायचं काय, हा प्रश्न मला रास्त वाटतो. प्रत्येक जण महागड्या कंपनीची बॅटरी घेऊ शकत नाही. तेव्हा किमान इतकं बघा: छोट्या उपकरणांतल्या लिथियम सेल आणि बॅटऱ्यांसाठी भारतात आयएस १६०४६ हे मानक सक्तीचं आहे. मालावर मानक चिन्ह आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. तो क्रमांक बीआयएस केअर नावाच्या सरकारी ॲपमध्ये टाकून खरा आहे का ते फोनवरच तपासता येतं. दुकानदारासमोरच तपासा. आणि डबा हातात घेऊन बघा: ५ एएच म्हणून दिलेली बॅटरी २ एएचवाल्या इतकीच हलकी लागत असेल तर आकडा खोटा आहे.

"पाच वर्षं वापरतोय, काही झालं नाही" असंही ऐकायला मिळतं. खरंच झालं नसेल. पण या बॅटऱ्या साधारण तीनशे ते पाचशे वेळा पूर्ण भरून उतरवल्या की थकायला लागतात, आणि धोका नव्या बॅटरीपेक्षा थकलेल्या, मार खाल्लेल्या, पाचांतला एक सेल मागे पडलेल्या बॅटरीत जास्त असतो. गेल्या पाच वर्षांचा अनुभव म्हाताऱ्या बॅटरीला लागू होत नाही.

सेल बदलून घ्यावेत का

संभाजीनगर, लातूर, नांदेडसारख्या शहरांत बॅटरीचे सेल बदलून देणारे कारागीर आहेत आणि त्यांतले काही फार चांगलं काम करतात. वस्तू फेकून देण्याआधी दुरुस्त करून बघणं हा आपला स्वभाव मला आवडतो. तरी त्यांना चार प्रश्न विचारा. सेल नवे आहेत की जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले? लॅपटॉपचा सेल भरपूर वीज साठवतो, पण हळूहळू द्यायला बनवलेला असतो; ग्राइंडरचा २०-३० अँपिअरचा झटका त्याला झेपत नाही, तो तापतो. सगळे सेल एकाच कंपनीचे, एकाच बनावटीचे आहेत का? एकच खराब सेल बदलून बाकीचे जुने ठेवले तर काही दिवसांत पुन्हा तोच असमतोल. जोडणी निकेलच्या पट्टीला स्पॉट वेल्डिंग करून होणार की थेट सेलवर सोल्डरिंग? सोल्डरिंगची आच सेलच्या आत जाऊन नाजूक भागाला इजा करते. आणि शेवटचं, बीएमएसची पट्टी तशीच राहणार ना? "ती मध्ये मध्ये बंद पाडते, काढून थेट करून देतो" असं उत्तर आलं तर बॅटरी उचला आणि निघा.

घरी डबा उघडून स्वतः हात घालू नका. मेन स्विच बंद करून निर्धास्त होता येतं तसं इथे होता येत नाही. सेलमधली वीज बंद करता येत नाही.

खिसा, खोका आणि लोखंडाचा कीस

फॅब्रिकेशनच्या कामात हा प्रकार नेहमी दिसतो: बॅटरी काढून त्याच खोक्यात टाकली जाते ज्यात स्क्रू, वॉशर, बिट आणि खिळे पडलेले असतात. बॅटरीच्या टोकांवर एक स्क्रू आडवा पडला की शॉर्ट; स्क्रू लालबुंद होतो, आणि तो कापडी पिशवीत असला तर पिशवी पेटते. बॅटरीसोबत आलेली प्लास्टिकची टोपी पहिल्या दिवशी फेकून दिली जाते, ती जपा. हरवली असेल तर खोक्याचा एक कप्पा फक्त बॅटरीसाठी ठेवा.

ग्राइंडरचा कीस त्याहून बारीक आणि जास्त खोडकर. तो मशीनच्या फटींत, बॅटरीच्या टोकांवर चिकटत राहतो. संध्याकाळी बॅटरी काढून कोरड्या रंगाच्या ब्रशने टोकं झाडा. पाणी, पेट्रोल, ग्रीस काहीही लावायचं नाही.

उंचावरून पडलेली बॅटरी बाहेरून धड दिसली तरी आत सेल चेपलेला असू शकतो. ती तासाभराने तपासा, रात्री घराबाहेर ठेवा, दुसऱ्या दिवशीही न वापरता कोमट लागत असेल तर पुन्हा वापरू नका. डबा फुगला, नेलपॉलिशसारखा गोडसर वास आला, सूं सूं आवाज आला, भरल्यावर मिनिटभरात उतरली, या सगळ्या खुणांना एकच उत्तर: वापर बंद.

पावसात भिजली, पुरात बुडाली

दोन थेंब पडले तर पुसून घ्या आणि वाळू द्या. बुडालेल्या बॅटरीचं तसं नाही. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यात कितीतरी घरांत आणि शेडमध्ये पाणी शिरलं, तेव्हा हत्यारंही बुडाली. मशीन उघडून वाळवून चालू करता येतं. बॅटरी नाही. गढूळ पाणी सर्किटच्या पट्टीवर क्षार आणि गाळ सोडून जातं, धातू गंजायला लागतो, आणि शॉर्ट काही दिवसांनी, सगळं वाळल्यासारखं दिसत असताना होऊ शकतो. तांदळात ठेवणं, उन्हात वाळवणं, चुलीजवळ ठेवणं यातलं काहीही करू नका. चार्जरला तर अजिबात लावू नका. घरापासून, गोठ्यापासून लांब, उघड्यावर ठेवा आणि शक्य तितक्या लवकर सेवा केंद्रात पोचवा. ज्यांचं आधीच सगळं वाहून गेलंय त्यांना हे सांगणं जड जातं, पण त्या बॅटरीत आता वाचवण्यासारखं काही उरलेलं नसतं.

पेटलीच तर

आधी माणसं आणि लेकरं बाहेर. धूर विषारी असतो, त्यात फुप्फुसं आणि डोळे जाळणारे वायू असतात. बंद खोलीत थांबून झगडायचं नाही. चार्जरला लावलेली असेल आणि हात पोचत असेल तर मेन स्विच बंद करा. नुकती धुमसायला लागली असेल तर लांब फावड्याने अंगणात लोटता येईल. ज्वाळा निघाल्या असतील तर हात लावू नका.

पाणी टाकावं का, यावर बराच गैरसमज आहे. लिथियम धातू पाण्याशी भडकतो हे शाळेत शिकलेलं असतं. पण या बॅटरीत लिथियम संयुगाच्या रूपात असतं, धातूचा गोळा म्हणून नाही. वीज बंद केल्यावर भरपूर पाणी टाकणं हाच घरगुती उपाय आहे, कारण इथे खरं काम थंड करण्याचं आहे. तांब्याभर नव्हे, बादल्यांनी. वाळू आग पसरू देत नाही, पण सेल थंड करत नाही. पावडरचं सिलिंडर ज्वाळा दाबतं, थोड्या वेळाने ती पुन्हा पेटू शकते. विझल्यावरही काही तासांनी भडकू शकते, म्हणून तिला उघड्यावरच राहू द्या. अग्निशमन दलाचा क्रमांक १०१, किंवा ११२.

हंगाम संपल्यावर, आणि बॅटरी संपल्यावर

छाटणी संपली, आता चार महिने करवत लागणार नाही, तेव्हा बॅटरी मशीनमधून काढा. तिच्यावर दिव्यांची पट्टी असेल तर चारपैकी दोन दिवे लागतील इतकी भरा. विमानाने माल पाठवताना सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या ३० टक्क्यांहून जास्त भरलेल्या चालत नाहीत, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. कमी भरलेली बॅटरी बिघडली तरी कमी भडकते, हे त्यामागचं कारण. घरी मात्र अगदी तितकी खाली ठेवू नका, कारण सर्किटची पट्टी थोडी थोडी वीज खात राहते. दोन-तीन महिन्यांनी दिवे बघा, एकच उरला असेल तर पुन्हा अर्धी भरा.

पार थकलेल्या बॅटरीचं काय करायचं, हा प्रश्न खेड्यात अजून नीट सुटलेला नाही. शिशाची बॅटरी भंगारवाला वजनावर घेतो, पैसे देतो, म्हणून ती आपोआप परत जाते. लिथियमला गावात तसा भाव नाही, आणि मग ती उकिरड्यावर, घंटागाडीत किंवा पोरांच्या हातात जाते. गाडीत कचरा दाबला जातो तेव्हा ती चेपते आणि कचऱ्याला आग लागते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम काढले. त्यानुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवायची जबाबदारी बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपनीवर आहे, आणि घरच्या कचऱ्यात बॅटरी न मिसळणं आपल्यावर. बॅटरीवर फुली मारलेल्या कचरापेटीचं चित्र असतं ते यासाठीच.

तेव्हा टोकांवर चिकटपट्टी लावा, सगळ्या जुन्या बॅटऱ्या एका प्लास्टिकच्या बरणीत न कोंबता एकेक सुटी ठेवा, आणि जिल्ह्याच्या गावी जाणं होईल तेव्हा त्या कंपनीच्या सेवा केंद्रात किंवा जिथून घेतली त्या दुकानात द्या. दुकानदार नको म्हणाला तर त्याला नियमाचं नाव सांगा आणि कंपनीच्या ग्राहक सेवा क्रमांकावर त्याच्यासमोर फोन लावा. हत्यारांचा मोठा व्यापार करणाऱ्या दुकानांनी काउंटरखाली जुन्या बॅटऱ्यांसाठी एक पत्र्याचा डबा ठेवला आणि महिन्यातून एकदा तो कंपनीकडे पाठवला, तरी तालुक्याचा बराच प्रश्न सुटेल. पुढच्या वेळी बॅटरी घ्याल तेव्हा किमतीसोबत हेही विचारा: जुनी परत घेता का?